चीनच्या दवाखान्यात आपली लेक काय शिकली?



'मी डॉक्टर झालो तर' हा निबंध मी दहावीच्या वर्गाला दरवर्षी देतो. वीस-बावीस वर्षं झाली असतील. तपासताना बहुतेक वह्यांमध्ये तेच तेच येतं. गरिबांची सेवा करीन, खेड्यात दवाखाना काढीन, फी घेणार नाही. मधेच एखादा पोरगा प्रामाणिकपणे लिहितो की बुलढाण्याला मोठं हॉस्पिटल बांधीन आणि गाडी घेईन. त्याला मी एक गुण जास्त देतो! पण डॉक्टर झाल्यावर पेशंटशी कोणत्या भाषेत बोलशील, त्याचं दुखणं कसं विचारशील, हे आजपर्यंत एकाही वहीत वाचल्याचं मला आठवत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. आज लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आमच्या शाळेची एक विद्यार्थिनी २०१८ साली एमबीबीएससाठी चीनला गेली. चिखली तालुक्यातलं घर, सोयाबीन-तुरीची शेती. इथे सरकारी कॉलेजला नंबर लागला नाही आणि खाजगीची फी झेपणारी नव्हती. (बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा फक्त भाषणांत होतं. तिथे पहिले प्रवेश २०२४ मध्ये झाले.) प्रवेश जुळवून देणाऱ्या एका एजंटने सांगितलं की सगळं शिक्षण इंग्रजीत आहे, भाषेची अजिबात काळजी नको. तिचे बाबा माझ्याकडे विचारायला आले. मी त्या एजंटचीच री ओढली. म्हणालो, "इंग्रजी तिचं चांगलं आहे, जाऊ द्या." माझं चुकलं ते तिथे. ते कसं, ते पुढे सांगतो.

मधे कोरोना आला. २०२० च्या जानेवारीत सुट्टीवर घरी आलेली मुलगी अडीच वर्षं घरीच राहिली. गोठ्याशेजारच्या खोलीत मोबाईलवर शवविच्छेदनाची लेक्चरं ऐकायची. २०२२ च्या उत्तरार्धात व्हिसा सुरू झाले तेव्हा परत गेली. आणि २०२३ मध्ये तिचा घरी फोन आला की आता काही आठवडे पारंपरिक चिनी वैद्यकाच्या दवाखान्यात पोस्टिंग आहे. चीनमधल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात चिनी वैद्यक हा एक विषय असतो, हे आपल्याकडच्या फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. तिच्या बाबांनाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते तडक शाळेत आले.

"सर, दोन एकर इकलं म्या. सुया टोचाले शिकाले धाडलं काय पोरीले?"

त्यांचा राग मला कळत होता. वावर विकलेल्या माणसाला प्रत्येक आठवड्याचा हिशेब लागतो. मी त्यांना काहीबाही सांगून चहा पाजला आणि घरी पाठवलं. खरं तर उत्तर माझ्याकडेही नव्हतं. म्हणून मग मी वाचायला लागलो, आणि ती आल्यावर तिला पुष्कळ प्रश्न विचारले. त्यातून माझं जे मत बनलं ते इथे मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

चीन आणि डॉक्टर म्हटलं की मराठी माणसाला पहिलं नाव आठवतं ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस, आणि पाचवे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर! विदर्भातल्या मुलांना हे पाचवं नाव कुणी सांगतच नाही. आपण शिक्षकांनी तरी सांगायला हवं.

आता एक गैरसमज दूर करतो, कारण मुलांच्या निबंधात तो सर्रास येतो. कोटणीस चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकायला गेले नव्हते. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले होते. घोटाळा होण्याला कारणही आहे. लुधियानात त्यांच्या नावाचं अॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. त्यामागचा दुवा आहेत त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू. बसू नंतर १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, तिथे रीतसर अॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला परत येऊन त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही सुई आली ती त्यांच्या हातून. म्हणजे पहिल्यांदा गेले ते बरं करायला, आणि वीस वर्षांनी त्याच देशात गेले ते विद्यार्थी म्हणून. मुरलेला डॉक्टर दुसऱ्या पद्धतीच्या दवाखान्यात पुन्हा पहिलीत बसतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कोटणीसांची जी गोष्ट आपण शिकवतो तिचा शेवट ठरलेला असतो. ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या बत्तीसाव्या वर्षी तिथेच गेले. मग शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमा. संपला धडा. पण मधली एक गोष्ट आपण गाळतो. हा माणूस चिनी भाषा शिकला. नुसतं 'नमस्कार, कसे आहात' एवढी नव्हे, तर तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवण्याइतकी. त्यांच्या मराठी आडनावाचं 'को दीहुआ' झालं ते काही उगीच नाही.

आणि आम्ही सांगत होतो, भाषेची काळजी नको!

आमची विद्यार्थिनी त्या चिनी वैद्यकाच्या दवाखान्यात गेली तेव्हा नेमकी इथेच अडली. तिला वाटलं होतं की पहिल्याच दिवशी हातात सुई देतील. पहिले दोन आठवडे सुईला हातसुद्धा लावू दिला नाही. ज्या वयस्कर डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली ती होती, त्यांनी तिला एकच काम दिलं. पेशंटला विचारायचं आणि त्याची जीभ बघून लिहायचं. जिभेचा रंग कसा, वर थर आहे का, थर पांढरा की पिवळा, कडेला दातांचे ठसे आहेत का. थंडी वाजते की उकडतं, घाम कधी येतो, तहान लागते का, गार पाणी हवंसं वाटतं की कोमट, झोप, भूक, शौच, बायकांना पाळी. तिकडे या प्रश्नांची पाठ करण्याची कविताच आहे म्हणे, आपल्या पाढ्यांसारखी. पाहायचं, ऐकायचं आणि वास घ्यायचा, विचारायचं, आणि शेवटी नाडीला हात लावायचा, अशी चार पायऱ्यांची तपासणी. आयुर्वेदातलं दर्शन, स्पर्शन, प्रश्न आठवलं ना? मलाही तेच आठवलं.

विचारायचं कोणत्या भाषेत? विद्यापीठातलं लेक्चर इंग्रजीत, पण समोरच्या सत्तर वर्षांच्या आजीबाई काही इंग्रजी बोलत नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांना दवाखान्यात जाण्याआधी तिकडे 'एचएसके' नावाची चिनी भाषेची परीक्षा द्यावी लागते. आमच्या मुलीने तिची चौथी पातळी पास केलेली होती. पण परीक्षेतली चिनी वेगळी आणि त्या आजीबाईंची बोली वेगळी. पुण्याचा डॉक्टर आपल्या बीबीच्या किंवा साखरखेर्ड्याच्या आरोग्य केंद्रात आला आणि समोरची बाई म्हणाली, "जीव कसानुसा होते, अन् हातपाय गळल्यावानी वाटते," तर तो काय लिहील? ती मला म्हणाली, "सर, तिसऱ्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सगळं मेडिसिन पाठ होतं, आणि पोट कुठे दुखतं एवढं कळत नव्हतं."

मग ती दुपारी जेवायच्या सुट्टीत औषधांच्या खिडकीशी बसायला लागली. चिनी वैद्यकाच्या दवाखान्याचं औषधालय ही बघण्यासारखी जागा असते. भिंतभर लाकडी कप्पे, कप्प्यावर वनस्पतीचं नाव, आणि ग्रॅमच्या हिशेबात तोललेली मुळं, साली, पानं, बिया. एका काढ्यात दहा-बारा जिन्नस सहज. आता पुष्कळ ठिकाणी काढा तिथेच यंत्रात उकळून पाकिटात भरून देतात. तिथे बसून, लोक औषधाबद्दल काय काय विचारतात ते ऐकून ऐकून, तिला बोली समजायला लागली. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

सुयांचं सांगतो, कारण पोरांना तेच ऐकायचं असतं. सुई केसासारखी बारीक. बिंदू शोधायचा तो फूटपट्टीने नाही. माप म्हणजे 'त्सुन', आणि एक त्सुन म्हणजे अंगठ्याच्या सांध्याजवळची रुंदी. अंगठा कुणाचा? डॉक्टरचा नव्हे, पेशंटचा! उंच माणसाचं माप मोठं, लहान मुलाचं लहान. चार बोटं जुळवली की तीन त्सुन. आपल्याकडे अंगुळ, वीत, हात ही मापं अशीच होती आणि आयुर्वेदातही माणसाचं शरीर त्याच्याच अंगुळांनी मोजायला सांगितलं आहे. गणिताच्या शिक्षकांनो, मापनाच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या जरा बाहेरच्या बाजूला एक बिंदू आहे, त्याचं नाव 'त्सूसान्ली', म्हणजे पायाचे तीन ली. ली हे अंतराचं जुनं माप, साधारण अर्धा किलोमीटर. हा बिंदू दाबला की थकलेला माणूस आणखी तीन ली चालतो, असं तिकडे सांगतात. शेगावच्या पायी वारीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मी मात्र हमी देत नाही.

हमी देत नाही, हे गमतीने म्हटलं, पण मुद्दा गंभीर आहे. परदेशातली जुनी विद्या म्हटली की आपल्यात दोन टोकं होतात. एक म्हणतो सगळं थोतांड. दुसरा म्हणतो हजारो वर्षांचं आहे म्हणजे खरंच असणार. माझं दोघांशी पटत नाही. जुनाट दुखण्यांवर आणि ऑपरेशननंतरच्या मळमळीवर अॅक्युपंक्चरचा उपयोग दाखवणारे अभ्यास आहेत. पण खोट्या, म्हणजे बिंदू सोडून भलतीकडेच टोचलेल्या सुयांनीही बऱ्याच पेशंटना जवळजवळ तेवढाच आराम पडतो, असंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला सांगायला हव्यात. आणि जडीबुटी आहे म्हणजे अपाय नाही, हा समज तर धोक्याचाच. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एक चिनी वनस्पती चुकीची पडली, आणि त्यातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली.

याच्या उलट गोष्ट थू यूयू यांची. विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती वर्गात सांगावी असं मला वाटतं. या बाई औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या. त्यानंतर अडीच वर्षं चिनी वैद्यकाचा वेगळा अभ्यास केलेल्या. मलेरियावर औषध शोधायचं काम आलं तेव्हा त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतले दोन हजारांवर नुस्खे गोळा केले. त्यातली छिंगहाव ही वनस्पती कधी गुण द्यायची, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हुंग नावाच्या वैद्याच्या पुस्तकात त्यांना एक बारीक गोष्ट दिसली. तो वनस्पती उकळायला सांगत नाही, पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगतो. बाईंच्या डोक्यात आलं की उष्णतेनेच गुण जात असेल! मग त्यांनी इथर वापरलं, जे साधारण ३५ अंशालाच उकळतं, आणि कमी तापमानात अर्क काढला. १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना प्राण्यांवर पूर्ण यशस्वी ठरला. पुढे माणसांवर वापरण्याआधी तो अर्क त्यांनी आधी स्वतः घेतला. आज आपल्याकडेही घातक मलेरियावर जे औषध देतात ते याच आर्टेमिसिनिनच्या कुळातलं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी. ग्रंथाला नमस्कार करून त्या थांबल्या नाहीत आणि तो फेकूनही दिला नाही. त्यातली एक ओळ घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या.

आपल्या घरोघरी अडुळसा आहे, गुळवेल आहे, ओवा आहे. लोणारच्या परिसरात फिरताना म्हातारी माणसं दहा झाडांचे दहा उपयोग सांगतात. यातलं काय टिकतं आणि काय नाही, हे तपासणारी मुलं आपल्या जिल्ह्यातून का निघू नयेत? पण त्यासाठी मुलांनी आधी ते म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायला हवं. ते ऐकायला बसायला मुलांना वेळ कुठे आहे? नववीपासून लातूर, नांदेड, अकोला, नाहीतर कोटा. सगळं बरोबर उत्तराचा गोल काळा करण्यात चाललंय.

आता पालकांसाठी रोखठोक. चिनी वैद्यकाची स्वतंत्र पदवी घेऊन आला म्हणून मुलगा इथे एमबीबीएस डॉक्टर म्हणून नोंदला जात नाही. 'पारंपरिक वैद्यकाला प्रवेश सोपा आहे, फी कमी आहे' असं कुणी सांगत असेल तर तिथेच उठून या. परदेशातल्या एमबीबीएसलाही आता नीट पास लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर इथली परीक्षा आणि इथे पुन्हा इंटर्नशिप. अॅक्युपंक्चरचं वेगळं आहे. केंद्राने २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. पण तिथे नोंदणी केल्याशिवाय सुई हातात घ्यायची नसते. काही आठवड्यांच्या पोस्टिंगवर दवाखाना टाकता येत नाही. ज्याला खरंच हेच शिकायचं असेल त्याने आधी इथलं वैद्यकीय शिक्षण पूर्ण करावं आणि मग जावं. डॉ. बसूंनी तेच केलं होतं. बीजिंग, शांघाय आणि नानजिंगला १९७५ पासून परदेशी डॉक्टरांसाठी प्रशिक्षण केंद्रं आहेत.

आणि एजंटला फी विचारता तशी आणखी एक गोष्ट विचारा. पेशंटजवळ मुलगी कितव्या वर्षी जाणार, आणि तेव्हा तिला त्यांची भाषा कोण शिकवणार? मी २०१८ मध्ये हे विचारलं असतं तर ती बारावीनंतरच्या सुट्टीतच चिनी शिकायला लागली असती. पाच वर्षांनी बाथरूममध्ये रडायची वेळ आली नसती.

माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना हे पटत नाही. एक सर म्हणतात, एवढ्याशा पोस्टिंगला तुम्ही उगाच डोक्यावर घेता, तेवढ्या वेळात तिने सर्जरीचे दोन वॉर्ड पाहिले असते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आधीच कोरोनात तिचा प्रत्यक्ष शिकायचा वेळ गेला होता. पण तीच मुलगी आज इथल्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. मागच्या महिन्यात मी एका नातेवाइकाला घेऊन गेलो तेव्हा बाहेर उभा राहून बघत होतो. ओपीडीत रांग बाहेरपर्यंत. एक म्हातारी नुसतंच "अंग दुखते" म्हणत होती. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी गोळ्यांचं नाव सुचवलं. हिने आधी जीभ काढायला सांगितली, मग विचारलं, "आजी, झोप लागते का? घाम येते का रात्री?" म्हातारी बोलायला लागली. रात्रीचा घाम, रोज संध्याकाळी कणकण, महिनाभराचा खोकला. हिने थुंकी तपासायला पाठवली. रिपोर्ट काय आला ते मी विचारलं नाही, तो माझा अधिकारही नाही.

तिच्या बाबांचा गुडघा दुखतो. गावात बातमी पसरली होती की पोरगी चीनहून सुया शिकून आली, त्यामुळे दोघं-तिघं शेजारीही गुडघे घेऊन ओट्यावर हजर! तिने सगळ्यांना हात जोडले. "माझी नोंदणी नाही. मी टोचणार नाही. बाबा, तुम्ही आधी एक्स-रे काढा."

"मंग शिकली कायले तिथं?" बाबा म्हणाले.

तिने त्यांचाच हात घेतला, चार बोटं जुळवून त्यांच्याच गुडघ्याखाली ठेवली आणि अंगठ्याने दाबून विचारलं, "इथं दुखते का? कधीपासून दुखते? बसल्यावर जास्त की चालल्यावर?" ते सांगत बसले. मी शेजारी होतो, चांगला पाऊण तास सांगत होते.

यंदा दहावीला निबंधाचा विषय बदलला आहे. 'माझ्या आजीचं दुखणं तिच्याच शब्दांत.' तीस ओळी, आणि आजीला विचारल्याशिवाय लिहायचा नाही. वह्या सोमवारी येतील.